सूर्यावरचे डाग सारखे थरथरतात? फिल्टर बदलण्याआधी गच्ची बघा

“काका, फिल्टर नवीन घेतला, मित्राचा आयपीस लावून पाहिला, आरसेसुद्धा जुळवले. तरी सूर्याची कड उकळत्या पाण्यासारखी हलते, आणि डाग म्हणजे नुसते काचेवरचे बोटांचे ठसे.”

आमच्या खालच्या मजल्यावरचा मुलगा. सहा इंची डॉब, म्हणजे आरशाची साधी दुर्बीण, आहे त्याच्याकडे, घरच्यांच्या मागे लागून घेतलेली. (आयपीस म्हणजे तिचं डोळा लावायचं भिंग, फिल्टर म्हणजे सूर्याचा प्रकाश कापणारा पडदा.) मी एकच विचारलं, “बघतोस किती वाजता?”

“साडेअकराला. क्लास सुटला की सरळ गच्चीवर.”

निदान तिथेच झालं. पण फोनवर “सकाळी बघ” एवढं सांगितलं की पोरांना वाटतं, काकांनी टाळलं. शिवाय ही तक्रार दर वर्षी होळीच्या सुमाराला कुणी ना कुणी घेऊन येतंच, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो.

मी स्वतः या दुखण्यात दोन उन्हाळे घालवलेत. आठ इंची दुर्बीण, समोर सोलर फिल्म (फिल्टरचाच एक प्रकार, पातळ चंदेरी पापुद्रा), बघायची वेळ रविवारी चहा-नाश्ता-पेपर उरकल्यावर, म्हणजे साडेदहा-अकरा. डाग दिसायचे, पण पाण्याखालच्या नाण्यासारखे. फिल्म निकृष्ट असणार असं ठरवून दुसरी मागवली. फरक शून्य. मग एका डिसेंबरात मुलीला पहाटेच्या गाडीला सोडून आलो, झोप तर उडालीच होती, म्हणून आठ-सव्वाआठला सहज दुर्बीण लावली. ट्रंकेत टाकलेली जुनीच फिल्म हाताला लागली होती. आयपीसला डोळा लावला आणि तसाच राहिलो. डागाचा काळा गाभा कातरून काढल्यासारखा, त्याच्याभोवती करडी कडा, आणि त्या कडेत नारळाच्या शेंडीसारखे बारीक तंतू, सगळे गाभ्याकडून बाहेर पसरलेले. बाकी सूर्यबिंबावर बारीक रवा पसरल्यासारखा पोत. साडेदहाला पुन्हा पाहिलं तर रवाही गेला, तंतूही गेले. दुर्बीण तीच, फिल्म तीच. बदलली होती ती फक्त गच्ची, आता ऊन पिऊन तापलेली.

आधी डोळे

निदानाकडे जाण्याआधी हे. रोज बघणाऱ्यांनीसुद्धा वाचा, कारण चुका रोज बघणाऱ्यांच्याच होतात.

फिल्टर दुर्बिणीच्या तोंडाला, आकाशाच्या बाजूला. आयपीसमध्ये स्क्रूने बसणारा छोटा गडद ‘सन’ लिहिलेला फिल्टर जुन्या 60 मिमी दुर्बिणींच्या डब्यात अजून सापडतो. सगळी गोळा झालेली उष्णता त्याच्यावर पडते आणि तो बघता बघता तडकू शकतो. तो कुणाला देऊ नका, फोडून टाका. ग्रहणाचा चष्मा डोळ्यांवर चढवून दुर्बिणीतून बघणं तितकंच वाईट. तो चष्मा नुसत्या डोळ्यांसाठी आहे. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी यांचं तर नावच नको. त्यातून सूर्य अंधूक दिसतो म्हणून माणूस निर्धास्त होतो, पण न दिसणारी अवरक्त किरणं आत येतच राहतात. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही. भाजलेलं कळतं ते नंतर.

फिल्मवाल्यांसाठी एक खास सूचना. बाडर कंपनीची फिल्म दोन प्रकारांत मिळते, घनता 5 आणि घनता 3.8. पहिलीतून प्रकाशाचा एक लाखावा भाग आत येतो, ती डोळ्याने बघायला. दुसरी फक्त फोटोसाठी, तिच्यातून जवळजवळ 16 पट जास्त प्रकाश येतो. डब्यातून काढल्यावर दोन्ही सारख्याच चंदेरी दिसतात. मी चौकटीवर मार्करने ठसठशीत आकडा लिहून ठेवतो. तुम्हीही लिहा.

दर वेळी लावण्याआधी अंधाऱ्या खोलीत फिल्टरमागे एलईडी टॉर्च धरा. सुईच्या टोकाएवढं भोक दिसलं तरी तो फिल्टर बाद. लावल्यावर चिकटपट्टीने बांधा, मार्चमधला वारा सांगून येत नाही. फाइंडर, म्हणजे नेम धरायची बाजूची छोटी दुर्बीण, झाका, किंवा काढूनच ठेवा. त्यालाही भिंग असतं आणि त्यातून येणारा झोत कपाळावर पडला की कळतं. सूर्य शोधायचा तो सावलीवरून: नळीची जमिनीवरची सावली हलवत हलवत जिथे सर्वांत आखूड आणि गोल होते, तिथे सूर्य आलेला असतो. फिल्टर आधी, सूर्याकडे वळवणं नंतर. आवरताना उलट: आधी नळी फिरवा, मग फिल्टर काढा.

आता रोग ओळखू

सूर्याची कड आयपीसच्या मधोमध घ्या आणि अर्धा मिनिट नुसते बघत बसा. काही फिरवू नका.

कड शांत आहे, पण कायम मऊ, एका क्षणालाही धारदार होत नाही, असं असेल तर दोष फोकसचा, फिल्टरचा किंवा दुर्बिणीचा. कड मधूनच एखादा क्षण ब्लेडसारखी होते आणि लगेच पुन्हा उकळायला लागते, असं असेल तर दोष हवेचा. माझ्याकडे तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांचं हे दुसरं असतं. आणि तेच लोक फोकसचं बटण सतत पुढे-मागे करत असतात. हवा क्षणभर निवळते तेव्हा यांचा फोकस नेमका भलतीकडे असतो, म्हणजे तो चांगला क्षणही वाया.

पहिल्या प्रकारातला गुन्हेगार पकडायला चंद्र उपयोगी पडतो. रात्री फिल्टर काढून चंद्रावर फोकस लावा. विवरांच्या कडा स्वच्छ दिसल्या तर दुर्बीण निर्दोष. तिथेच फोकसरच्या सरकत्या नळीवर पेन्सिलने रेघ मारून ठेवा. सकाळी तोच आयपीस लावून रेघेपर्यंत आणलं की फोकस जवळजवळ लागलेला असतो, उन्हात डोळे बारीक करत चाचपडायला नको. चंद्र स्वच्छ दिसतो आणि सकाळी आठचा सूर्यही मऊच दिसतो, तेव्हाच फिल्टरवर संशय घ्या.

फिल्मच्या बाबतीत नेहमीची चूक म्हणजे ती ढोलकीच्या पुडीसारखी ताणून बसवणं. सुरकुत्या दिसल्या की आपल्या हाताला चैन पडत नाही. पण ही फिल्म सैलच बसवायची असते, पापडासारखी थोडी वरखाली. ताणली की प्रतिमा बिघडते. स्वस्तातल्या काचेच्या फिल्टरांत मात्र काचच ओबडधोबड असू शकते आणि त्याला इलाज नाही. (फिल्ममधून सूर्य पांढरा, थोडा निळसर दिसतो, काचेतून बहुधा केशरी. “माझा सूर्य पिवळा का नाही” ही बिघाडाची तक्रार नव्हे.)

उकळतंय ते काय

गरम हवा आणि गार हवा प्रकाशाला वेगवेगळी वाकवतात. रात्री हा खेळ बराचसा वर, उंचावर चालतो. दिवसा तो आपल्या पायाखाली सुरू होतो. सिमेंटचा स्लॅब दहापर्यंत तापतो, त्याच्यावरची हवा वर उठायला लागते, आणि आपण त्या वर उठणाऱ्या हवेतून सूर्य बघत असतो. गॅसवर तापत ठेवलेल्या तव्याच्या वरून पलीकडचा डबा बघा, तेच.

वरची हवा की खालची, अशी शंका असणाऱ्यांनी मेच्या मध्यावर पुण्यात बघावं. शून्य सावलीच्या दिवसांत सूर्य दुपारी डोक्यावर असतो, म्हणजे वातावरणाचा थर सर्वांत पातळ. हिशोबाने प्रतिमा सर्वांत चांगली हवी. असते सर्वांत वाईट.

हे दुखणं फक्त गच्चीवाल्यांचं नाही. उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातल्या बेटावर बांधली ती याच कारणाने: पाणी जमिनीसारखं भराभर तापत नाही, म्हणून वरची हवा शांत राहते. कॅलिफोर्नियातली बिग बेअर वेधशाळाही तळ्यातच आहे. कोडाइकॅनलला 1899 मध्ये डोंगरावर वेधशाळा सुरू झाली. तिथेच 1909 मध्ये खगोलशास्त्रज्ञ जॉन एव्हरशेड यांना डागाच्या करड्या कडेतला वायू गाभ्याकडून बाहेर वाहताना वर्णपटात सापडला. म्हणजे वर सांगितलेली ती नारळाची शेंडी. आणि हवेचा काटाच काढायचा तर अवकाशात जावं लागतं. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत घडलेली ‘सूट’ ही दुर्बीण आदित्य एल-1 या भारताच्या सौर यानावर बसून 2023 च्या सप्टेंबरात निघाली. तिला अतिनील किरणांत बघायचं आहे, जी वातावरण बरीचशी अडवून धरतं. पण थरथरीतून सुटका हीही फुकटात मिळाली.

आपल्याकडे तळं नाही. बादली आहे.

गच्चीचे उपाय

वेळ सगळ्यांत आधी. उगवल्या उगवल्या सूर्य फार खाली असतो, धूळ-धुराचा जाड थर मध्ये येतो. उगवल्यानंतर दीड तासाने तो साधारण वीस अंश वर येतो, तिथून पुढचा तास-दीड तास आपला. पुण्यात मार्चमध्ये म्हणजे सव्वाआठ ते साडेनऊ-पावणेदहा. संध्याकाळी बघू म्हणणाऱ्यांना माझा अनुभव सांगतो: स्लॅब दिवसभराचं ऊन प्यायलेला असतो, पाच वाजताही तो ओकतच असतो. पावसाळ्यात उघडीप मिळाली तर मात्र सोडू नका. ओली जमीन, धुतलेली हवा, मला काही सुंदर सकाळी जुलैतच मिळाल्या आहेत. फक्त पातळ ढगाआडून सूर्य सौम्य दिसला म्हणून फिल्टर काढायचा मोह नको. ढग सरकायला क्षण लागतो.

दुसरं, दुर्बिणीच्या पुढे काय आहे ते बघा. मी दोन वर्षं दुर्बीण ठेवत होतो त्या कोपऱ्यातून सकाळचा सूर्य शेजारच्या बिल्डिंगच्या पत्र्याच्या शेडवरून दिसायचा, आणि शेडखाली एसीची तीन आउटडोअर युनिटं ओळीने. मी सूर्य नाही, शेजाऱ्यांच्या एसीची वाफ बघत होतो. दुर्बीण टाकीच्या पलीकडे, दहा-बारा पावलं सरकवली तर अर्धा आजार गेला. सोलर हीटरचे पॅनल, तापलेला कठडा, काळं डांबरी वॉटरप्रूफिंग, सगळ्यांवर हाच संशय घ्या. खाली सोसायटीत हिरवळ असेल आणि वॉचमनची हरकत नसेल तर गच्चीपेक्षा ती बरी.

तिसरं, पाणी. बघायला सुरुवात करण्याआधी दुर्बिणीभोवती आणि सूर्याच्या दिशेला आठ-दहा फुटांपर्यंत दोन बादल्या ओततो. वर ओलं गोणपाट. अंगणात सडा घालतात तसंच, रांगोळी सोडून. दहा वाजेपर्यंतचा वेळ यावर निघतो. पुढे पाणी वाळतं आणि आपणही.

चौथं, दुर्बीण स्वतः. घरातून काढल्या काढल्या सूर्याकडे लावली तर नळीतली हवा आणि बाहेरची हवा यांचं भांडण मिटायला अर्धा तास जातो. आधी टाकीच्या सावलीत ठेवा. काळ्या किंवा गडद निळ्या नळीला जुनी पांढरी चादर गुंडाळा. बघणं नसेल तेव्हा नळी सूर्यापासून फिरवून ठेवा. नळीतल्या हवेचा दोष ओळखायची खूण अशी: लाटा संथ, जड, एकाच वाटेने वर सरकणाऱ्या दिसतात. बाहेरच्या हवेची थरथर बारीक आणि चपळ असते. डॉबवाल्यांनी आणखी एक करावं. तिघं-चौघं कोंडाळं करून नळीच्या तोंडाशी उभे राहू नका. माणसाच्या अंगाची ऊबसुद्धा तोंडासमोरून वर जाते.

दुर्बिणीचं तोंड लहान करा

हे ऐकून लोक दुखावतात. आठ इंचाचे पैसे मोजले आणि म्हणता पुठ्ठा लावा?

हिशोब बघा. दिवसाची हवा बऱ्याचदा दोन आर्कसेकंदांहून (आर्कसेकंद म्हणजे एका अंशाचा 3,600 वा भाग) बारीक काही दिसूच देत नाही. तेवढं बघायला 60 मिमीचं भिंग पुरतं. मोठं तोंड म्हणजे एकाच वेळी जास्त थरथरते झोत आत घेणं. म्हणून फिल्टर आहे तसाच ठेवायचा आणि त्याच्यावर पुठ्ठ्याची चकती बसवायची, एका बाजूला गोल भोक पाडून. मधला छोटा आरसा आणि त्याचे दांडे टाळून भोक घ्यायचं: सहा इंचीला 50 मिमी, आठ इंचीला 70 मिमी. प्रतिमा अंधूक होते, सूर्यापाशी प्रकाशाची काय कमी. अकरा वाजताच बघणं भाग असेल तर हा एकच उपाय खरा कामाचा. सकाळी आठला हवा चांगली असेल तर पुठ्ठा काढा आणि पूर्ण तोंडाने बघा.

दोन आर्कसेकंद म्हणजे सूर्यावर साधारण 1,450 किमी, मुंबईहून दिल्लीला रस्त्याने जेवढं अंतर पडतं तेवढं. पृथ्वी तिथे ठेवली तर साडेसतरा आर्कसेकंदांची दिसेल. म्हणजे पुठ्ठा लावूनही पृथ्वीपेक्षा कितीतरी लहान तुकडे दिसतात. तक्रारीला जागा नाही.

पॉवरचंही तेच. अकरा वाजता 150 पट पॉवर लावली की थरथरही 150 पट मोठी होते. पूर्ण बिंब 40-50 पटीत मावतं, तिथे थांबा. शंभर पट ठेवा सकाळसाठी.

पडद्यावर पाडणाऱ्यांचे प्रश्न

फिल्टर न लावता आयपीसमधून सूर्य पांढऱ्या कागदावर पाडायची रीत गॅलिलिओचा शिष्य कास्टेल्ली याने 1612 च्या सुमाराला वापरात आणली, आणि शाळेतल्या पोरांना दाखवायला आजही तीच सोपी. ती फक्त छोट्या भिंगाच्या दुर्बिणीसाठी. बंद नळीच्या, आरसे असलेल्या कॅसेग्रेन, माक जातीच्या दुर्बिणी आत तापतात आणि खराब होतात. डॉबमध्येही मधल्या आरशावर जाळ गोळा होतो. मी करत नाही.

“प्रतिमा फिकी दिसते” ही इथली नेहमीची तक्रार. कागदावर बाहेरचं ऊन पडतंय, दुसरं काही नाही. खोक्याच्या तळाशी कागद लावा आणि एका बाजूने बघा. आकाराचं गणितही करून ठेवा: दुर्बिणीचं नाभीय अंतर 700 मिमी, आयपीस 20 मिमी, कागद 35 सेंटिमीटरवर, की जवळपास 11 सेंटिमीटरचा सूर्य पडतो. याहून मोठा केला की तो फिका होणारच.

दुसरी तक्रार वासाची. आमच्याकडे एकदा दहा मिनिटांत जळक्या बांगडीसारखा वास सुटला. चांगला, महागातला आयपीस लावला होता, आत प्लास्टिकची कडी. भिंगांमधला चिकटवलेला थर पांढुरका झाला तो कायमचा. या कामाला दुर्बिणीसोबत फुकट येणारा, न चिकटवलेल्या दोन भिंगांचा जुना ह्युजेन्स आयपीस वापरा, आणि त्याचीही नळी धातूची बघून. दर दोन-तीन मिनिटांनी सूर्य बाजूला काढा. दुर्बिणीपाशी सतत मोठं माणूस हवं. पोरं कागद सोडून आयपीसमध्येच डोकावतात.

डाग आहे की धूळ

आयपीस जागच्या जागी फिरवा. ठिपका सोबत फिरला तर आयपीसवरची धूळ. दुर्बिणीला हलका धक्का द्या. ठिपका सूर्याबरोबर सरकला तर डाग. शंका उरलीच तर त्या दिवसाचं एसडीओ या नासाच्या सूर्य बघणाऱ्या उपग्रहाचं चित्र मोबाइलवर काढून ताडून बघा. दुर्बिणीत चित्र उलटसुलट होतं ते लक्षात ठेवून. पश्चिम कुठली ते कळायला दुर्बीण स्थिर सोडा: बिंब ज्या बाजूने आधी बाहेर जातं ती पश्चिम, आणि सगळं बिंब एका रेघेपार व्हायला दोन मिनिटांहून थोडं जास्त लागतं.

कधी कधी डागच कमी असतात, हेही मान्य करा. डाग साधारण अकरा वर्षांच्या चक्राने वाढतात आणि कमी होतात. सध्याचं पंचविसावं चक्र डिसेंबर 2019 मध्ये सुरू झालं आणि 2024 मध्ये भरात आलं. त्या वर्षी मेमध्ये डागांचा एक प्रचंड गट ग्रहणाच्या चष्म्यातून नुसत्या डोळ्यांनी दिसत होता, आणि त्याच्यातून उठलेल्या सौर वादळाने लडाखमध्ये हानलेचं आकाश तांबडं झालं होतं. आता उतरती बाजू आहे.

खालच्या मजल्यावरच्या मुलाला कोपरा बदलायला सांगितला, पुठ्ठाही कापून दिला. अकरा वाजताची थरथर निम्मी झाली म्हणतो, पण तंतू काही दिसले नाहीत. दिसणार नाहीतच. रविवारी तयारीसाठी सव्वासातलाच वर ये म्हटलंय. बादल्या त्याने आणायच्या, गोणपाट माझं.